औषध कुंडीला, वास शेजाऱ्याला

कुंडीबागेतल्या किडी आणि त्यांच्यावरची औषधं यांबद्दलची पत्रं वर्षभर येतात, पण पावसाळ्याच्या तोंडावर त्यांचा ढीगच होतो. त्यातली ठाणे आणि नवी मुंबईची काही पत्रं या वेळी घेतली आहेत. सारख्या तक्रारी एकत्र केल्या आहेत, नावं गाळून ठिकाणं तेवढी ठेवली आहेत. उत्तरं देताना एक गोष्ट सारखी आड येत होती. औषधाच्या डब्यावरचा सगळा हिशोब शेताचा असतो. शेतकरी फवारून झाल्यावर घरी जातो, तुमची फवारणीच घरात होते. गॅलरीच्या काचेमागे स्वयंपाक चाललेला असतो आणि खालच्या मजल्यावर कुणाचे तरी कपडे वाळत असतात.

प्रश्न : जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं पांढरं काहीतरी साचलंय, कळ्या गळतात, पानं चिकट होतात. नर्सरीवाल्याने पाण्याच्या रिकाम्या बाटलीत पिवळसर औषध दिलं. नाव विचारलं तर म्हणाला, 'मिलीबगचं आहे, एक झाकण पाण्यात टाकून मारा.' मारू का? आमची गॅलरी सतराव्या मजल्यावर आहे. (घोडबंदर रोड, ठाणे)

मारू नका. बाटलीत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, देणाऱ्यालाही कदाचित माहीत नसेल. 'एक झाकण' म्हणजे नेमकं किती, तेही कळायला मार्ग नाही. साधा हिशोब करून बघा. मिलीबगवर सर्रास दिलं जाणारं इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एका लिटरला ०.३ मिली लागतं. तुमचा हातातला फवारा अर्ध्या लिटरचा असेल, तर त्याला ०.१५ मिली पुरतं. बाटलीचं झाकण नुसतं ५ मिलीचं धरलं तरी डोस तेहतीस पट झाला. झाड जळेल ते जळेल, पण तो फवारा तुम्हीही श्वासात घ्याल. कीटकनाशक कायद्याप्रमाणे औषध सीलबंद डब्यात, लेबल आणि माहितीपत्रकासह विकावं लागतं. सुटं औषध म्हणजे ना नाव, ना मुदत, ना उतारा. उद्या कुणाच्या पोटात गेलं तर डॉक्टरांना दाखवायला हातात काही नाही. शिवाय ते पाण्याच्या बाटलीत आहे, हा धोका वेगळाच. ती बाटली आजच मोठ्या अक्षरांत 'विष' लिहून, बंद पिशवीत घालून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. ती टाकायची कुठे ते शेवटून दुसऱ्या उत्तरात आहे.

आता जास्वंदीकडे वळू. हा मिलीबग म्हणजेच पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, त्यामुळे वरवरचं औषध ओघळून जातं. मादी कापसाच्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते, म्हणून एका फवाऱ्यात तो कधीच संपत नाही. 'औषध मारलं, आठवड्यात परत आलं' ही तक्रार इथूनच निघते. खरं तर ते परत आलेलं नसतं, पिशवीत राहिलेलं बाहेर पडलेलं असतं. नुकती फुटलेली पिल्लं मात्र मेणाशिवाय असतात आणि पाण्यासाबणानेही मरतात. म्हणजे काम चिवटपणाचं आहे, जहाल औषधाचं नाही.

सुरुवात कात्रीने करा. जास्त माखलेले शेंडे चार बोटं खालपर्यंत कापा आणि झटकू न देता थेट साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. रात्रभर बुडू द्या, सकाळी ओल्या कचऱ्यात द्या. घरच्या कंपोस्टमध्ये घालू नका. मग कुंडी बाथरूममध्ये न्या, मातीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा, झाड आडवं धरा आणि हँडशॉवरची जोरकस धार पानांच्या पाठीवर, फांद्यांच्या बेचक्यांत मारा. निम्मी कीड इथेच जाते. जे चिकटून राहील त्याला कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवून नुसता टेकवा, घासायची गरज नाही. पांढरं पीठ विरघळून खालचा किडा तपकिरी दिसला की काम झालं. आधी एका पानावर लावून दिवसभर थांबा. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा गॅस, उदबत्ती, देवघरातला दिवा यांच्यापासून लांब बसा. मग १ लिटर पाण्यात ५ मिली लिक्विड सोप घालून संध्याकाळी झाड भिजवा, सकाळी साध्या पाण्याने धुवा. पुढचे चार आठवडे दर सात दिवसांनी हेच. चौथा आठवडा चुकवू नका, बहुतेक जण तिसऱ्यालाच खूश होऊन थांबतात.

मुंग्या दिसत असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त हवा. पिठ्या ढेकणाच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत नेऊन सोडतात. कुंडीच्या स्टँडच्या पायांना व्हॅसलिनचा दोन बोटं रुंद पट्टा द्या. कुंड्यांभोवती झुरळाच्या खडूने रेघ ओढण्याची पद्धत बंद करा. त्या खडूत कीटकनाशकच असतं आणि पाणी घातलं की रेघेची भुकटी वाहत जाते.

पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा एक चांगला उपाय हाताशी येतो. व्हर्टिसिलियम लेकॅनी नावाची बुरशीची पावडर मिळते. ती ५ ग्रॅम प्रतिलिटर या प्रमाणात उन्हं उतरल्यावर फवारायची. ही बुरशी किडीच्या अंगात शिरून तिला मारते. मात्र तिला दमटपणा लागतो, म्हणून एप्रिल-मेमधल्या कोरड्या दुपारी मारली तर पैसे पाण्यात. तिच्या आगेमागे बुरशीनाशक मारलं तरी तेच, कारण ही बुरशीच मरते. पाकिटावरची मुदत बघा. पावडर जिवंत आहे, मुदत उलटली की ती नुसती भुकटी.

प्रश्न : डब्यावरचे रंगीत त्रिकोण काय सांगतात? आणि 'ऑरगॅनिक' लिहिलेलं औषध निर्धास्त वापरायचं ना? (कोपरी, ठाणे)

डब्यावरच्या तिरक्या चौकोनाचे दोन त्रिकोणी भाग असतात. खालच्या अर्ध्या भागातला रंग औषध पोटात गेलं तर किती घातक ते सांगतो. लाल अत्यंत विषारी, पिवळा जास्त विषारी, निळा मध्यम, हिरवा कमी. लाल आणि पिवळ्यावर इंग्रजीत 'पॉयझन' लिहिलेलं असतं, लालवर कवटीही असते. मोनोक्रोटोफॉस लाल रंगात यायचं. क्लोरपायरिफॉस आणि इमिडाक्लोप्रिड पिवळ्यात, मॅलॅथिऑन निळ्यात, मॅन्कोझेब हिरव्यात. आमचं मत सरळ आहे. गॅलरीत लाल आणू नये, पिवळाही शक्यतो नको. निळा आणला तर का आणला हे स्वतःला सांगता आलं पाहिजे.

मात्र हा रंग तुमच्या पोटाचा हिशोब सांगतो, मधमाशीचा किंवा माशाचा नाही. हिरव्या त्रिकोणाचं औषधही फिशटँकमध्ये पडलं तर मासे तरंगू शकतात. तेव्हा रंगाखालचा बारीक मजकूर वाचा.

'ऑरगॅनिक' हा शब्द कीड ओळखत नाही आणि शरीरही ओळखत नाही. तंबाखूचं पाणी घरचंच, नैसर्गिकच, पण त्यातलं निकोटीन कातडीतून आत जातं. शिवाय टोमॅटो-मिरचीला तंबाखूचा व्हायरस लागू शकतो तो निराळाच. ते करू नका. डब्यावर नोंदणी क्रमांक, घटकाचं नाव आणि टक्केवारी, बॅच, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख आणि उतारा एवढं नसेल, तर त्यावर कितीही हिरवी पानं छापलेली असोत, ते परत द्या. पक्कं बिल मागा. बिल मागितलं की दुकानदाराचा चेहरा काय सांगतो तेही पाहून घ्या.

दोन जुनी नावं अजूनही लोकांच्या तोंडी आहेत. 'फोरेटचे दाणे' कुंडीच्या मातीत घालायचे आणि 'नुवान' शिंपडायचं. फोरेट आणि डायक्लोरव्हॉस (नुवानमधला घटक) या दोन्हींवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. माळ्यावरच्या डब्यात उरलेलं असेल तर ते बागेचं औषध नव्हे, विल्हेवाट लावायचा घातक कचरा आहे.

प्रश्न : दर रविवारी सकाळची कामं आटपून नीम तेल मारतो. तरी मोगऱ्याची पानं कडेने करपली, पाठीवर तेलकट डाग पडले. नीम तेलाने पण झाड जळतं का? (नेरुळ, नवी मुंबई)

जळतं. तुम्ही फवारणीची वेळ लिहिलेली नाही, पण 'सकाळची कामं आटपून' म्हणजे साडेदहा-अकरा असावेत. पानावर तेलाचा थर आणि वर मे महिन्याचं ऊन, म्हणजे पान तळलंच जाणार. पारा ३२च्या वर असेल तर तेल मारायचंच नाही. आपल्याकडे मार्च ते मे तेलाची वेळ एकच, सूर्य मावळल्यावर.

दुसरी शंका मापाची. पोहे खायचा मोठा चमचा १५ मिलीच्या आसपास असतो, चहाचा लहान ५ मिलीच्या. 'एक चमचा' वाचून मोठा घेतला की तिप्पट झालं. औषधासाठी ५ मिलीची सिरिंज सुई काढून वेगळी ठेवा आणि तिच्यावर लाल चिकटपट्टी लावा, म्हणजे ती मुलांच्या औषधाच्या डब्यात जाणार नाही.

तिसरी शंका मिसळण्याची. तेल थेट पाण्यात टाकलं की वर तरंगतं. पंपाची नळी तळातून ओढते, तेव्हा आधी नुसतं पाणी फवारलं जातं आणि शेवटच्या दोन कुंड्यांवर निव्वळ तेल. तुमचा मोगरा रांगेत शेवटी आहे का, बघा. बरोबर पद्धत अशी : वाटीत ५ मिली तेल आणि २ मिली लिक्विड सोप आधी एकत्र ढवळा, दुधट लुकण होईपर्यंत. त्यात कपभर कोमट पाणी थोडं थोडं घाला. मग उरलेलं पाणी घालून १ लिटर करा आणि फवारताना दर दोन मिनिटांनी पंप हलवा. डिसेंबर-जानेवारीत तेल बाटलीत गोठल्यासारखं होतं, तेव्हा बाटली गरम पाण्यात उभी करा, गॅसवर नको. केलेलं मिश्रण त्याच संध्याकाळी संपवा.

हे झालं घाण्याच्या तेलाचं. बाजारात 'अझाडिरॅक्टिन' म्हणून तयार औषध मिळतं ते वेगळं. त्यात साबण लागत नाही, माप पीपीएमवर (दहा लाख भागांत घटकाचे किती भाग, यावर) ठरतं. ३०० पीपीएमचं लिटरला ५ मिली, १०,००० पीपीएमचं लिटरला १ ते २ मिली. ३००चं माप १०,०००ला लावणारे बरेच निघतात.

आणि दर रविवारी का? कीड नसताना फवारलेलं तेल ढालकिडे आणि इतर कामाची मंडळी घालवतं. आधी पान उलटं करून बघा, पांढऱ्या कागदावर फांदी झटका. काही हललं नाही तर तो रविवार झोपायला वापरा. गंधकाची भुकटी मारली असेल तर आगेमागे तीन आठवडे तेल मारू नका, दोघांची जोडी पानं जाळते.

प्रश्न : मिरचीची पानं चुरडली आहेत. यूट्यूबवर सांगितलेलं इमिडाक्लोप्रिड मारलं, फरक नाही, उलट वाढलं. आता मिरच्या खायच्या का? (सानपाडा, नवी मुंबई)

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. इमिडाक्लोप्रिड आंतरप्रवाही आहे, म्हणजे ते पानावर बसत नाही, झाडाच्या रसात जातं. म्हणून मिरची कितीही धुतलीत तरी निघत नाही. डब्यासोबतच्या पत्रकात 'प्रतीक्षा काळ' म्हणून फवारणीनंतर तोडणीपर्यंत थांबायचे दिवस लिहिलेले असतात. ते पिकागणिक बदलतात, भेंडीचे वेगळे, मिरचीचे वेगळे. तुमच्या पत्रकात मिरचीसमोर जितके दिवस असतील तितके मोजा आणि मधली तोडलेली फळं टाकून द्या. पत्रक नसेल तर या बहराच्या मिरच्या विसरा. कोथिंबीर, पुदिना, पालक, कढीपत्ता, तुळस या पानं खायच्या झाडांवर आंतरप्रवाही औषध मुळीच नको. शेजारच्या शोभेच्या कुंडीला द्यायचं असेल तरी ती कुंडी आधी लांब न्या.

आता उलट वाढण्याबद्दल. चुरडा मुरडा म्हणून आपण एकाच नावाने ओळखतो, पण त्यामागे दोन वेगळे चोर असतात. पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार झाला असेल तर फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स. कडा खाली वळून, देठ लांबट होऊन, शेंडा बारीक गुच्छासारखा झाला असेल तर कोळी. कोळी कीटक नव्हे, आठ पायांचा प्राणी. इमिडाक्लोप्रिड त्याच्यावर चालत नाही, आणि ते मारल्यावर कोळी वाढल्याचं बऱ्याच ठिकाणी दिसलेलं आहे. तुमच्याकडे तेच झालं असावं. पत्रात 'देठ लांब झालेत' असं लिहिलंय, ती खूण आम्हाला पुरेशी वाटते.

कोळ्यावर आधी पाणी. सलग चार दिवस सकाळी पानांच्या पाठीवर धार मारा. चुरडलेले शेंडे कापा. तरी राहिला तर पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी, आणि तेही पारा ३२च्या खाली असेल तेव्हाच. २ ग्रॅम मोजायला सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या, चमच्याचा भरवसा नाही. त्या काट्यावर नंतर मसाले मोजू नका. फुलकिडे असले तर निळा चिकट सापळा कुंडीच्या उंचीवर टांगा आणि नीमचा फवारा पाच-पाच दिवसांनी तीनदा. पांढरी माशी आणि मावा पिवळ्या सापळ्याला येतात. चुरडलेलं पान पुन्हा सरळ होत नाही, तेव्हा त्याच्याकडे बघून औषध वाढवू नका. नवीन पान सरळ येतंय का तेवढं बघा.

प्रश्न : कढीपत्त्यावर पक्ष्यांच्या शिटेसारख्या अळ्या आहेत. कोणतं औषध? (वाशी, नवी मुंबई)

कोणतंच नाही. ती लिंबावर येणाऱ्या फुलपाखराची अळी आहे. लहानपणी शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. झाड चार-पाच फुटी असेल तर दोन-चार अळ्या त्याला सहज झेपतात. जास्त असतील तर पानासकट उचला आणि सोसायटीच्या लिंबाच्या किंवा बेलाच्या झाडावर सोडा.

प्रश्न : आमचं रो-हाऊस आहे. पाऊस सुरू झाला की मोठ्या शंखाच्या गोगलगायी रात्रीत रोपं फस्त करतात. निळे दाणे टाकले तर चालेल का? घरी कुत्रा आहे. (बेलापूर, नवी मुंबई)

कुत्रा आहे म्हणजे उत्तर नाही असंच आहे. ते दाणे मेटाल्डिहाइडचे असतात आणि कोंड्यात वळलेले असल्याने कुत्र्याला खाऊसारखे वाटतात. खाल्ले तर तासा-दोन तासांत थरथर, मग झटके. त्यावर ठरावीक उतारा नाही. मांजर, कोंबड्या, आणि वेचून खाणारे पक्षी यांनाही तोच धोका.

ही आफ्रिकन गोगलगाय आहे. तिला हाताने वेचणं हेच खरं औषध, आणि वेळ साधली तर सोपंही. अंधार पडल्यावर ओलं गोणपाट भिंतीच्या कडेला पसरा, त्याखाली पपईच्या साली किंवा कोबीची पानं ठेवा. सकाळी सातच्या आत उचला, सगळी मंडळी खाली जमलेली असतात. हातमोजे घालूनच, कारण या गोगलगायीतून मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या जंताचा संसर्ग होऊ शकतो. जाड मिठाच्या पाण्यात (बादलीत ५ लिटरला किलोभर मीठ) टाका आणि मेल्यावर खड्डा करून पुरा. मिठाचं ते पाणी मातीत ओतू नका, माती खारी होते. गोगलगायींवर मीठ शिंपडायचं तेही याच कारणाने टाळा. जमीन उकरताना वाटाण्याएवढ्या पिवळसर अंड्यांचे गुच्छ सापडले तर तेही त्याच बादलीत. पहिल्या पावसानंतरचे तीन आठवडे रोज केलंत तर ऑगस्टमधला त्रास खूप उतरतो. पालेभाजी मात्र त्या दिवसांत नीट धुऊन आणि शिजवूनच खा.

प्रश्न : वरच्या मजल्यावरचे काका दर शनिवारी फवारतात. वास आमच्या घरात, थेंब आमच्या कपड्यांवर. सोसायटीत बोललो तर 'झाडांचं औषध आहे, माणसांना काय होतं' म्हणतात. (ऐरोली, नवी मुंबई)

झाडांचं औषध असं काही नसतं, किडीचं विष असतं. आपण गोड बोलायच्या सवयीने त्याला औषध म्हणतो. काकांशी भांडण नको, त्यांना हे उत्तर दाखवा, खालचं सगळं त्यांच्याचसाठी आहे.

काका, तुमच्याकडे दुपारनंतर खाडीवरून वारा सुटतो. उंच इमारतीच्या कोपऱ्याला तो आणखी जोर धरतो. फवाऱ्याचे बारीक थेंब शेजारच्या फ्लॅटमध्ये, तर कधी दोन मजले खालीही जातात. म्हणून वारा पडलेला असेल अशी पहाट किंवा तिन्हीसांजेनंतरची वेळ घ्या. गॅलरीत गुडघ्याएवढी पातळ पट्टी टांगून बघा. पट्टी सरळ लोंबत नसेल तर त्या दिवशी फवारणी नाही. पंपाचं तोंड पिळून थेंब जाड करा, धुकं नको. कुंड्या रेलिंगवरून खाली, भिंतीकडे घ्या. लहान कुंडी असेल तर फवारूच नका. मातीवर पिशवी बांधा, कुंडी उलटी धरा आणि नुसता शेंडा औषधाच्या बादलीत दहा सेकंद बुडवा. हवेत काही उडत नाही आणि पानाची पाठ आपोआप भिजते. घरगुती कुंड्यांसाठी फवारणीपेक्षा ही पद्धत आम्हाला सरस वाटते, पण ती फारशी कुणी करत नाही.

आदल्या संध्याकाळी शेजारच्यांना आणि खालच्यांना निरोप द्या, कपडे काढून घेतील. तुमच्या टॉवरच्या गच्चीखाली किंवा खिडकीच्या छज्जाला आग्या मोहोळ असेल तर फुललेल्या झाडावर काहीही फवारू नका. फुलं आधी काढून घ्या, मग बघू. खिडक्या बंद, फिशटँक झाकलेला आणि त्याचा हवेचा पंप बंद. मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं काही घरात आणू नका, कुत्र्याला सोसेल ते मांजराला सोसत नाही.

किती मिश्रण करायचं हा प्रश्न काकांना नक्की पडत असेल. एकदा साध्या पाण्याने रंगीत तालीम करा. अर्धा लिटर पाणी घेऊन सगळ्या कुंड्या फवारा आणि किती उरलं ते पाहा. पंधरा-वीस कुंड्यांना बहुधा तेवढंच लागतं. तेवढंच मिश्रण करा, म्हणजे उरतच नाही. उरलं तरी गॅलरीच्या मोरीत ओतायचं नाही. नवी मुंबईत पावसाच्या पाण्याचे नाले धारण तलावांतून खाडीत उतरतात आणि गॅलरीचा पाइप बऱ्याच इमारतींत त्याच नाल्याला जोडलेला असतो. त्याच खाडीत ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे (२०१५ साली घोषित, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). सायपरमेथ्रिनसारखी औषधं मासे आणि खेकड्यांना अगदी थोड्या प्रमाणातही मारतात.

कपड्यांबद्दल थोडं. पूर्ण बाह्या, चष्मा, नायट्राइलचे हातमोजे. कापडी हातमोजे औषध शोषून हाताशीच धरून ठेवतात, त्यापेक्षा उघडा हात पटकन धुता तरी येतो. एन-९५ मास्क थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. म्हणून बंद बाथरूममध्ये औषध फवारू नका, तिथे फक्त पाण्याची धार.

प्रश्न : औषध अंगावर सांडलं किंवा मुलाने तोंडाला लावलं तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं? आई दूध पाजायला सांगते. (कळवा, ठाणे)

दूध नको, तूप नको, मिठाचं पाणी पाजून ओकारी काढणं तर अजिबात नको. पुष्कळ औषधं रॉकेलसारख्या द्रावकात असतात. ओकताना ते फुप्फुसात गेलं तर विषापेक्षा तेच महागात पडतं. तोंडात बोट घालून पुसून घ्या, चूळ भरायला लावा आणि डबा हातात घेऊन निघा. डबा विसरू नका, डॉक्टरांना घटकाचं नाव हवं असतं. १०८ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर फोनवर सांगतं, हा क्रमांक औषधाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

कातडीवर सांडलं तर कपडे आधी काढा, मग साबण आणि भरपूर वाहतं पाणी, पंधरा मिनिटं घड्याळ लावून. डोळ्यात गेलं तरी पंधरा मिनिटं, पापणी उघडी धरून, नळाच्या बारीक धारेखाली. घाम, लाळ, उलटी, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होणं, अंग फडफडणं यातलं काही दिसलं तर थांबून बघायचं नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट गटाच्या औषधाने असं होतं, आणि त्यावर दवाखान्यात ॲट्रोपिन देतात.

प्रश्न : माळ्यावर पाच-सहा जुने डबे सापडले, काहींची मुदत २०१४ला संपली. घंटागाडीत टाकू? (पाचपाखाडी, ठाणे)

घंटागाडीत ओल्या-सुक्याबरोबर टाकू नका, तो सफाई कामगाराच्या हाताशी जातो. २०१६च्या घनकचरा नियमांत कीटकनाशकांच्या डब्यांना घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी वर्गवारी दिली होती. डबे जसेच्या तसे, एकमेकांत न ओतता, घट्ट झाकण लावून एका जाड पिशवीत घाला, बाहेर 'कीटकनाशक' लिहा आणि महापालिकेच्या प्रभाग कार्यालयातल्या घनकचरा विभागाला विचारून त्यांच्या सोयीच्या दिवशी द्या. नळाखाली धुऊन मोकळे करू नका. घोडबंदरच्या वाचकांची ती निनावी बाटलीही याच वाटेने.

वापरून संपलेली बाटली असेल तर ती थोड्या पाण्याने तीनदा विसळा आणि ते पाणी पंपातच ओता, फवारणीत जाऊ द्या. मग तळाला खिळ्याने भोक पाडा, म्हणजे पुढे कुणी त्यात तेल भरणार नाही. पंपही तसाच तीनदा विसळायचा. तणनाशकाचा पंप वेगळा नसेल तर पुढच्या फवारणीत तुमची गुलाबं जातील.

प्रश्न : महापालिकेची धुराची गाडी येऊन गेली. तुळस आणि पुदिना वापरायचा का? (खारघर, नवी मुंबई)

धूर असेपर्यंत खिडक्या बंद ठेवा. पुदिना-तुळस नळाखाली धुऊन घ्या, दोन दिवस तोडू नका. तुळशीवर बारीक काळसर किडे बसून पानं पांढुरकी, ठिपकेदार झाली असतील तर ती धुरामुळे नव्हे, लेसबगमुळे. मंजिऱ्या आणि खराब फांद्या काढा, पाठीवर पाण्याची धार द्या. नैवेद्याच्या झाडावर याहून जास्त काही लागत नाही. आणि धुराची गाडी बोलवायची वेळ कशाने येते तेही बघा. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून, ताटली काथ्याने घासून पालथी घाला. डासांची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.